खाणावळीच्या वहीतलं गिरणगाव

शुक्रवार

नाशिकरोडला सकाळची पंचवटी पकडली की दहाच्या सुमारास दादर. सामान जास्त असलं की लोक तिथूनच टॅक्सी करतात. मी स्लो लोकल धरून करी रोडला उतरते. एकच प्लॅटफॉर्म असलेलं ते चिंचोळं स्टेशन, आणि त्याच्या पुलावर उभं राहिलं की लहानपणी गिरण्यांच्या चिमण्या दिसायच्या. कुठली चिमणी कुठल्या गिरणीची हे न चुकता सांगायचं, हा आम्हा पोरांचा खेळ होता. आता तिथून टॉवर दिसतात. त्यातला वर्ल्ड वन तेवढा मला ओळखू येतो, तो श्रीनिवास मिलच्या जागेवर आहे म्हणून.

या वेळचं येणं वहिनीच्या फोनमुळे. चाळ पुनर्विकासाला गेली, करारावर सह्या झाल्या, भाड्याचे चेक आले, खोली रिकामी करायची तारीख तोंडावर आली. "ताई, सगळं बांधून झालंय, फक्त आईंची टोपं राहिलीत. त्या हात लावू देत नाहीत. तुम्ही या आणि काय ते बघा."

स्टेशनपासून घर चालत दहा मिनिटं. भारतमाता टॉकीजच्या कोपऱ्यावरून वळलं की डोक्यावर लालबागचा उड्डाणपूल. २०११ मध्ये हा पूल झाला आणि आंबेडकर रोडवरून जाणाऱ्या गाड्यांना लालबाग लागेनासं झालं. गणपतीचे दिवस सोडले तर वरून जाणाऱ्याला खाली कोण राहतं याचा पत्ता नसतो.

आई गॅलरीत स्टुलावर बसलेली होती. "आलीस काय गो. जेवून घे आधी." बारा वाजायचे होते. आमच्या घरात भूक लागली का, असं कधी कुणी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. पाळी सुटली की जेवण, एवढंच.

हे समजायला आमची खोली डोळ्यांपुढे आणावी लागेल. १० बाय १२. त्यात मोरी, ओटा, डोक्यावर पोटमाळा, आणि आम्ही पाच माणसं. त्याच खोलीत आई खाणावळ चालवायची. जेवणारे गडी सगळे आमच्या संगमेश्वर तालुक्यातले, बायकापोरं गावी ठेवून आलेले. झोपायला त्यांची तळमजल्यावर गावकीची खोली होती. ती भाड्याने घेतलेली होती ग्रामस्थ मंडळाने. भिंतीला रांगेने पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर कपडे, आणि वळकट्या. एक पाळी कामावर गेली की दुसरीचे लोक तिथे पसरायचे.

पहिली पाळी सकाळी ७ ला सुरू, दुपारी साडेतीनला सुटायची. दुसरी साडेतीनची, ती सुटायची रात्री १२ ला. मग तिसरी, रात्रभर. पहाटे भोंगा व्हायच्या आधी आईचा स्टोव्ह पेटलेला असायचा, आणि मध्यरात्री दुसऱ्या पाळीचे गडी जिन्याने वर येताना ऐकू यायचे. त्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी भुकटी बसलेली असायची. मला वाटायचं गिरणीत गेलं की माणूस म्हातारा होतो आणि आंघोळ केली की परत तरुण.

गिरणगावावर बोलायला लोक बसले की चिमणी येते, भोंगा येतो, संप येतो, गणपती तर येतोच. पण दोन-अडीच लाख माणसं गिरण्यांत राबत होती, त्यातली निम्मीशिम्मी एकटी राहणारी, त्यांना रोज दोन वेळा कोण रांधून घालत होतं? घराघरांतल्या बायका. त्यांच्या त्या कामाचा मस्टर कुठल्याच गिरणीत नव्हता. त्यांचा जो काही कागद होता तो म्हणजे उधारीची वही.

आमची वही रात्री पोटमाळ्यावर सापडली, पाणी तापवायच्या हंड्यात.

शनिवार

सकाळी पहिलं काम वही उघडण्याचं. लाल कापडी बांधणीची, लांबट, मारवाड्याकडे असते तशी. वास अजून रॉकेलचा. अक्षर माझं. आईला अक्षर येत नव्हतं, हिशेब येत होता. चौथीत गेल्यापासून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

एका गड्याला एक पान. वर नाव, गावाचं नाव, वाडी, आणि गिरणीतलं खातं: साचेखाता (म्हणजे विणकाम), वाइंडिंग, रिंग, कार्डिंग, ब्लोरूम. खाली तारखा. दोन्ही वेळ जेवला तर उभी रेघ, एकच वेळ जेवला तर अर्धी रेघ. बुधवारी, रविवारी मासळी किंवा मटण घेतलं तर रेघेशेजारी टिंब, कारण त्याचे पैसे वेगळे. पगार झाला की आई एकेकाला पान वाचून दाखवायला लावायची. गड्यांनाही बहुतेक वाचता येत नव्हतं, पण ते बोटाने रेघा मोजायचे आणि मान हलवायचे. रेघांवरून भांडण झालेलं मला आठवत नाही. टिंबावरून मात्र व्हायचं. "तो बांगडा नव्हता वहिनी, नुसतं डोकं होतं."

काही पानांवर कोपऱ्यात 'ब' लिहिलंय. ते बदली कामगार. बदलीवाल्याने कार्ड घेऊन रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कुणी कायमवाला गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. साडेसात-आठच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली की आईला कळायचं, आज याला काम नाही लागलं. ती त्याला चहा आणि रात्रीची भाकरी द्यायची. "ही लिहू नको," मला सांगायची. त्यामुळे या वहीवरून कुणी अभ्यास करायला बसला तर खाणावळीचा खर्च जमेशी कधीच जुळणार नाही.

दुपारी आईला घेऊन मसाला गल्लीत गेले. तिचे गुडघे गेलेत, पण तिथे जायचं म्हटलं की चालते. ढिगाने मिरच्या मांडलेल्या असतात. आई लांबूनच बोट दाखवते: ही बेडगी, रंगाला. ती संकेश्वरी, तिखटाला. मग धणे, दगडफूल, नागकेसर, आणि माशाच्या कालवणासाठी तिरफळ. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला व्हायचा. मिरच्या चाळीच्या गच्चीवर वाळायच्या, आमच्या गॅलरीत भाजल्या जायच्या, आणि त्या दिवशी अख्खा मजला खोकत असायचा. कुणी तक्रार करायचं नाही, कारण पुढच्या आठवड्यात खोकवायची पाळी त्यांची. मग डबे घेऊन डंकावर. लोखंडी मुसळं एकामागोमाग एक खाली येतात, बाई हाताने मसाला पुढे सारते आणि मुसळ पडायच्या आत हात काढून घेते. ते मी तासन्‌तास बघत बसायचे. आजही एका दुकानात डंक चालू होता. डंकवाल्याने आईला ओळखलं नाही, आईने त्याला ओळखलं. बापाचं नाव घेऊन विचारपूस केली आणि अर्धा किलो मिरची पाव किलोच्या भावात पाडून घेतली.

येताना रिक्षा नाही म्हणून (इथे रिक्षा येतच नाहीत, टॅक्सीवाला एवढ्या जवळचं भाडं घेत नाही) मध्ये दोनदा बसलो. एका बाकड्यावरून समोर गिरणीची भिंत दिसत होती. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड २-३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय व्हायचंय, त्याबद्दल मी वर्षानुवर्षं ऐकतेय. आईला म्हटलं, तिथे साचे ठेवतील, भोंगा ठेवतील. आई म्हणाली, "आणि स्टोव्ह?"

रात्री वहीतलं जानेवारी १९८२ चं पान काढलं. १८ तारखेला संप सुरू झाला. बोनसवरून आणि मान्यताप्राप्त युनियनवरून खदखद आधीच होती, कामगार दत्ता सामंतांकडे गेले होते आणि सगळ्यांना वाटत होतं, महिना-दोन महिन्यांत मिटेल. पानावर १८ तारखेला काहीच वेगळं दिसत नाही. रेघा १७ ला आहेत तशा १८ ला, तशा ३१ ला. संपात पगार थांबतो, जेवण थांबत नाही. फेब्रुवारीत टिंबं नाहीशी झाली. मार्चमध्ये अर्ध्या रेघा वाढल्या. एप्रिलपासून एकेका पानावर माझ्या शाळकरी अक्षरात 'गावी गेला'. मे अखेरीला, भाताची पेरणी तोंडावर आल्यावर, उरलेले जवळजवळ सगळे गेले. काही पानांवर बाकीचा आकडा आहे, खाली रेघ मारून ठेवलेला.

आईची उधारी वाण्याकडे होती, आणि वाण्याने ती थांबवायला सांगितलं तेव्हा तो काही दुष्ट नव्हता. त्याचाही माल उधारीचाच होता. आमच्याकडचा मोठा हंडा आणि दोन टोपं गहाण पडली. शेजारच्या चाळीतली एक खाणावळवाली मावशी अन्नपूर्णा महिला मंडळात होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये हे मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आई आधी गेली नव्हती. "सही करावी लागते," म्हणून घाबरायची. संपाच्या वर्षी तिने माझ्याकडून सही गिरवून घेतली. पाटीवर, रोज रात्री, भांडी झाल्यावर. टोपं सोडवली त्या पैशांतून.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. आमच्याकडे तो पानापानाने संपला होता. एक पान मात्र आडवी काट मारलेलं आहे. तो गडी पाच-सहा वर्षांनी गावाहून आला, खांद्यावर उकड्या तांदळाचं पोतं. खाली ठेवलं आणि म्हणाला, "वहिनी, आता माझ्या पानावर काट मार." आईने पोतं न तोलता मला पेन आणायला सांगितलं.

रविवार

रविवारची सुट्टी गिरणी कामगाराला नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिली; १० जून १८९० पासून ती लागू झाली. शाळेत हे शिकवलं तेव्हा मी घरी येऊन आईला सांगितलं. तिचा रविवार म्हणजे मटणाचा दिवस, सगळ्या पाळ्यांचे गडी एकदम, पंगतीवर पंगत. "त्यांना सांग, बायकांचा पण एक बघा," म्हणाली. लोखंडे जाऊन तेव्हाच ऐंशीहून जास्त वर्षं झाली होती.

आज बाबांच्या एका जुन्या मित्राकडे वरळीला जायचं होतं. आईने जवळ्याच्या चटणीचा डबा दिला. डिलाईल रोडने चालत निघाले, लोअर परळचा पूल उतरून सेनापती बापट मार्गावर. फिनिक्समध्ये रविवारची गर्दी होती. गिरणीची चिमणी मॉलच्या आवारात ठेवलीय, तिच्यासमोर मुलं फोटो काढत होती. मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो २००१ चा. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकायला काढली तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी शहराला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना आणि उरलेली मालकाला, असा हिशेब होता. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती केली की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालच्या नव्हे. गिरणीत बांधकाम सोडून रिकामं असतंच किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. आईच्या वहीत असा हिशेब कुणी केला असता तर गड्यांनी पान फाडलं असतं.

काका बीडीडीत राहतात. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या, एकट्या वरळीत १२१. खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात काका आहेत. आता ५०० चौरस फूट, दोन संडास घरात. "जय भीम, ये बाळ," करत त्यांनी आधी मला संडास दाखवले. ज्याने साठ-पासष्ट वर्षं बादली घेऊन रांगेत उभं राहून काढलीत त्याने तेच आधी दाखवावं, यात हसण्यासारखं काही नाही.

मी बाबांचा धोटा, विणताना आडवा दोरा नेणारा, घेऊन गेले होते. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं पेनं ठेवायला होता. होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, मधल्या पोकळीत सुताची कांडी बसते, बाजूला बारीक भोक. कांडी संपली की नवी घालायची, दोऱ्याचं टोक आतून भोकापाशी न्यायचं आणि बाहेरून तोंड लावून ओढायचं, की दोरा भोकातून बाहेर. विणकराला हे दिवसभरात किती वेळा करावं लागे त्याला गणती नव्हती. ओढताना सुताचा भुसाही छातीत जायचा. बाबांचा खोकला आमच्या घरात घड्याळासारखा होता.

काकांनी धोटा हातात घेतला, फिरवून पाहिला, भोकावर अंगठा ठेवला. ते रिंगवर, म्हणजे सूतकताईत, साइडर होते, त्यांचे वडीलही रिंगवर. साचेखात्यात पगार जास्त होता, पण तिथे दलित माणूस घेत नसत. कारण हेच भोक. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावणार, आणि सवर्ण विणकरांना ते चालत नव्हतं. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता की मागण्यांमध्ये ही बंदी उठवण्याची मागणीही हवी. "माझ्या वेळी असा नियम कुठे लिहिलेला नव्हता," काका म्हणाले. "पण भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात. तो आपल्या गावची, आपल्या जातीची माणसं लावायचा. मग नियम कशाला लागतोय."

मी वहीही नेली होती. त्यांना नावं वाचून दाखवायची होती; बरेचसे गडी त्यांच्या ओळखीचे. ते ऐकत गेले, मधूनच "हा गेला," "हा डोंबिवलीला असतो," "ह्याचा पोरगा पोलिसात" असं सांगत गेले. काकींनी विचारलं, "यांचं पान नाही का?" काका पटकन म्हणाले, "मी कुठे जेवणारा होतो, माझं घर होतं की इथे."

तेही खरं होतं. पण बाबांच्या या मित्राने आमच्याकडे चहा प्यायचा तो गॅलरीत, आणि त्याची कपबशी मोरीच्या फळीवर वेगळी असायची. तिसऱ्या पाळीनंतर भुकेला आला तरी आमच्या पंगतीला बसला नाही, कारण पंगतीतले गडी उठून गेले असते आणि आईची खाणावळ दुसऱ्या दिवशी बंद पडली असती. खाणावळी गावावर चालायच्या, आणि गाव म्हटलं की जात त्यात आलीच. गिरणगावाच्या एकजुटीच्या गोष्टी मी मुलांना खूप सांगितल्यात, त्या खोट्या नाहीत. मोर्चात, संपात, मैदानात हे लोक खांद्याला खांदा लावून होते. जेवायला मात्र वेगवेगळे बसायचे.

निघताना काकींनी डबा परत दिला. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या.

घरी आल्यावर आईला कपबशीचं विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "तेव्हा तसंच होतं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझ्या बाबांनी एकदा म्हटलं होतं आत बसवूया. मीच नको म्हटलं. सतरा गडी होते." वडी तिने आधी खाल्ली, मग डबा धुतला.

सोमवार

सकाळी दादा मोडवाल्याला घेऊन आला. टोपं पोटमाळ्यावरून उतरवली तेव्हा त्यांचा खरा आकार कळला. भाताच्या टोपात लहानपणी मी बसायचे. सगळी पितळेची. आतली कल्हई गेलेली, बुडं काळी. भाताचा टोप, आमटीचा टोप, हंडा, परात, दोन मोठी उलथणी. भाड्याने घेतलेल्या कांजूरच्या फ्लॅटमध्ये ती ठेवायला जागा नाही, आणि नवं घर होईपर्यंत आई कुठे असेल हा विषय कुणी काढत नाही.

माझी तयारी होती की ती रडेल, किंवा अडून बसेल. तिने पदर खोचला आणि मोडवाल्याला वजनकाटा दाखवायला लावला. हुकाचा, बॅटरीवर चालणारा. तिचा विश्वास नाही. शेजाऱ्यांकडून पाच किलोची तांदळाची पिशवी मागवली, काट्याला लावून पाहिली, आकडा बरोबर आला तेव्हा पुढे बोलू दिलं.

परात द्यायची नाही असं तिने जाहीर केलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. परात दिवाणाखाली मावते.

मग भाव. काळ्या बुडाचं कारण सांगून तो कमी देऊ पाहत होता. आई म्हणाली, काळं खरवडून तोल, पण पितळ पितळेच्या भावाने घे. दोघांची घासाघीस इतकी रंगली की गॅलरीत लोक जमले. पलीकडच्या खोलीतल्या आजोबांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, आईने त्यांना बसवलं. शेवटी मोडवाला भाताचा टोप हुकाला लावत म्हणाला, "आजी, एवढ्या मोठ्या टोपात शिजवायचात तरी काय?"

"भात," आई म्हणाली. "हात काढ काट्यावरचा."

पैसे तिने स्वतः मोजले, दोनदा, आणि एक नोट फाटकी निघाली ती बदलून घेतली.